प्रवराकाठचे कांस्य : ताम्रमण्यांच्या माळेपासून काशाच्या जोडव्यांपर्यंत

रतनगडाच्या परिसरात उगम पावून भंडारदऱ्याच्या जलाशयात विसावणारी आणि तेथून अकोले, संगमनेर, नेवासे असा प्रवास करीत टोके-प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळणारी प्रवरामाई ही अकोलेकरांना प्रामुख्याने पाण्यासाठी व ऊसासाठी ठाऊक आहे. इ. स. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने या खोऱ्याचे अर्थकारण पालटले, हे सर्वश्रुतच आहे. मात्र याच नदीच्या काठी, आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, माणूस तांबे वितळवीत होता, त्यात अन्य धातू मिसळून पाहत होता आणि त्या धातूचे मणी करून आपल्या लेकरांच्या गळ्यात घालीत होता, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. नगर जिल्ह्याचे (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे) नाव भारताच्या पुरातत्त्वशास्त्रात आदराने घेतले जाते ते प्रवराकाठच्या जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे या तीन गावांमुळे. सुवर्णालंकारांचा इतिहास सर्वच लिहितात. प्रस्तुत लेखात त्या मानाने उपेक्षित राहिलेल्या तांब्या-काशाच्या अलंकारांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम धातूविषयी थोडेसे. व्यापारी माणसाला ‘भेसळ’ हा शब्द कानी पडला की अपशकुन झाल्यासारखे वाटते. परंतु कांस्य हा पदार्थच मुळी मिश्रणातून जन्मास आलेला आहे. शुद्ध तांबे दिसावयास सुंदर, पण मऊ. ते वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि ओतताना ते हवा शोषून घेत असल्याने थंड झाल्यावर आत पोकळ छिद्रे राहतात. त्यात शेकडा दहाच्या आसपास कथील मिसळले की वितळबिंदू खाली येतो, रस पातळ होऊन साच्यातील बारीकसारीक नक्षीपर्यंत पोहोचतो, आणि थंड झालेली वस्तू तांब्याहून पुष्कळ कठीण निघते. रंगही तांबूस न राहता सोनेरी होतो. कथिलाचे प्रमाण बावीस टक्क्यांपर्यंत नेले म्हणजे जे तयार होते ते आपले नादमधुर कासे. घंटा, टाळ, जेवणाची काशाची थाळी आणि तळपाय चोळावयाची काशाची वाटी ही त्याचीच अपत्ये होत. तांब्या-पितळेच्या भांड्यांना पूर्वी गल्लोगल्ली फिरणारे कल्हईवाले जे कथील लावीत, तेच हे कथील. थोडक्यात, लपवून केली ती भेसळ आणि प्रमाण ठरवून, जाणीवपूर्वक केले ते मिश्रण, एवढाच काय तो फरक. हे प्रमाणच पुढे इतिहासाचा साक्षीदार ठरते.

संगमनेरजवळील जोर्वे येथे डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. येथे सापडलेल्या लाल रंगावर काळी नक्षी असलेल्या खापरांवरून ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव रूढ झाले व पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तिचे अवशेष मिळाले. इ. स. पूर्व सुमारे १४०० ते ७०० हा तिचा काळ मानला जातो. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि त्यांच्या सोबत एक बांगडीही मिळाली. शेतकऱ्याच्या उपयोगाची कुऱ्हाड आणि गृहिणीच्या हातातील बांगडी एकाच ठिकाणी मिळावी, हे पुरेसे बोलके आहे. धातू दुर्मिळ होता, तो दूरवरून आणावा लागत होता, तरीही त्याचा काही भाग अलंकारासाठी राखला जात होता. एका कुऱ्हाडीच्या रासायनिक तपासणीत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास कथील आढळले. हे प्रमाण खऱ्या कांस्याच्या मानाने फारच कमी. म्हणजे प्रवराकाठच्या कारागिराच्या हाताला कथील लागले होते, मात्र ते सढळ हाताने वापरण्याइतके मिळत नव्हते.

नेवासे येथील उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात झाले. या काळातील लोक मृत बालकांना दोन कुंभ तोंडास तोंड लावून त्यात ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी हिरवे पडले होते, पण त्यांच्या पोटात ज्या दोऱ्यात ते ओवले होते त्या दोऱ्याचा अंश शिल्लक होता! एरवी सूत मातीत फार काळ टिकत नाही. येथे मात्र तांब्यापासून निघालेल्या क्षारांनी त्यास कुजू दिले नाही. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी त्या धाग्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू असल्याची नोंद केली. रेशमाच्या ओळखीबाबत पुढे चर्चा झाली असली तरी सुताचा हा पुरावा महाराष्ट्रातील वस्त्रेतिहासाच्या आरंभीच्या पुराव्यांत गणला जातो. कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या कुणाही वाचकाला त्या धाग्याकडे मण्यांहूनही अधिक कुतूहलाने पाहावेसे वाटेल. एका अनामिक मातेने किंवा पित्याने तीन हजार वर्षांपूर्वी मारलेली ती गाठ धातूमुळे आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

आता श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद. हे ठिकाण १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांच्या नजरेस आले व त्यानंतर म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शं. अ. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने येथे उत्खनने झाली. परंतु ज्या वस्तूंमुळे दायमाबाद जगाच्या नकाशावर आले, त्या शास्त्रज्ञांच्या कुदळीला लागलेल्या नाहीत. इ. स. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाच्या मुळाशी खणताना चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला व पुरुष उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या चार वस्तू. भरीव ओतकामाच्या या वस्तूंचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक आहे. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. इतका धातू एका वेळी वितळवून, मुशीतून साच्यात ओतणे हे आजच्या कारागिरालाही सोपे नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे आहे. ६० किलो तांबे म्हणजे १९७४ साली गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच रक्कम. बाजारात ते मोडीच्या भावाने सहज खपले असते. तसे घडले असते तर दोन दिवसांत त्याच्या घागरी झाल्या असत्या आणि दायमाबादचा रथ कुणालाही कळला नसता. तो वाचला हे भाग्यच होय.

विद्वानांत मात्र या वस्तूंविषयी आजही एकमत नाही. साळी, राव, ढवळीकर प्रभृतींनी त्या उत्तर-हडप्पा अथवा ताम्रपाषाण काळातील मानल्या. दुसरीकडे धातुतज्ज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी त्यांच्या रासायनिक घटकांवर बोट ठेवले. या वस्तूंमध्ये आर्सेनिक म्हणजे सोमलाचे मूलद्रव्य एक टक्क्याहून अधिक आहे. ताम्रपाषाण काळातील इतर ताम्रवस्तूंत तसे ते आढळत नाही. म्हणून त्या पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे त्यांचे मत. नंतरच्या अभ्यासकांपैकी काहींना पहिले मत पटते, काहींना दुसरे. ज्यांना आपण सरसकट ‘दायमाबादची कांस्यशिल्पे’ म्हणतो ती खऱ्या अर्थाने कांस्याची नसून मुख्यतः तांब्याचीच आहेत, हेही नमूद करणे येथे क्रमप्राप्त आहे. आकार, नक्षी, शैली यांवरून न सुटलेला वाद शेवटी मिश्रणातील एक टक्क्यावर येऊन ठेपतो, हे लक्षात घेण्याजोगे होय.

अलंकारांच्या दृष्टीने या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणावयाचे असेल तर मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये मिळालेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तिकेची कांस्यमूर्ती आठवावी. तिचा डावा हात मनगटापासून दंडाच्या वरपर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. आपल्याकडील आदिवासी भगिनींच्या हातापायांतील जुने जडसर अलंकार ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्या मूर्तीची वेगळी ओळख करून देण्याची गरज भासणार नाही.

कथील हा या सर्व व्यवहारातील कळीचा माल होता. आपल्या देशात तांबे राजस्थानात वगैरे मिळे. कथील मात्र फारच थोडे. बस्तरच्या बाजूस त्याचे साठे आहेत, तथापि मोठी गरज बाहेरून भागवावी लागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या वर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांची नावे आहेत. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणचा उल्लेख असून तेथून गाड्यांनी माल ये-जा करी असे म्हटले आहे. कोकणातील बंदरांतून नाणेघाटाने जुन्नरला चढणारा मार्ग याच काळात गजबजलेला होता. सह्याद्रीच्या या पट्ट्यात कथील आले ते अशा वाटांनी.

आणि जुन्नर म्हणजे अकोल्याचा शेजारच. कोतूळ, ब्राह्मणवाडा ओलांडले की ओतूर लागते आणि आपण जुन्नर तालुक्यात असतो. जुन्नरच्या लेण्यांतील सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या एका ब्राह्मी शिलालेखात दानाची ठेव दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. एक श्रेणी वेळूकाम करणाऱ्यांची आणि दुसरी ‘कासाकारां’ची. कासाकार म्हणजे कांस्यकार, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. आजचा ‘कासार’ हा शब्द इतका जुना आहे! या लेखातील दुसरी गोष्ट व्यापारी वाचकांना अधिक भावेल. दानशूर माणसाने आपली रक्कम राजाकडे न ठेवता कारागिरांच्या संघाकडे ठेवली. त्याच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावा ही अपेक्षा. काशाचे काम करणाऱ्यांची पत त्या काळी आजच्या बँकेसारखी होती, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? आजच्या विश्वस्त संस्था मुदत ठेवीच्या व्याजावर कार्य चालवितात, त्या प्रथेचेच हे प्राचीन रूप म्हणता येईल.

काशाचे काम म्हणजे केवळ ओतकाम नव्हे. बावीस टक्के कथिलाचे कासे थंड असताना ठोकले तर काचेसारखे फुटते. लालबुंद तापवून, गरम असतानाच ठोकावे लागते, आणि त्यानंतर पाण्यात बुडवून एकदम थंड करावे लागते. हळूहळू थंड होऊ दिले तर ते पुन्हा ठिसूळ बनते. लोखंड पाण्यात बुडविले की ते कडक व ठिसूळ होते, हा लोहाराचा नेहमीचा अनुभव. कासे नेमके उलट वागते. हे रहस्य महाराष्ट्रातील कारागिरांना फार पूर्वीच उमगले होते. नागपूरजवळील माहुरझरी व विदर्भातील अन्य महापाषाणयुगीन शिलावर्तुळांत मिळालेल्या वस्तूंचा अभ्यास पार्क जांग-सिक आणि वसंत शिंदे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गरम ठोकून पाण्यात विझविलेल्या, अधिक कथिलाच्या कांस्याचा स्पष्ट पुरावा आढळला. जोर्व्याचे पावणेदोन टक्के आणि विदर्भातील बावीस टक्के यांच्यामध्ये काही शतकांची शिकवणी उभी आहे.

विदर्भाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगावीशी वाटते. आपल्या अकोल्याची टपाले विदर्भातील अकोल्यास जातात हा गावकऱ्यांचा जुना अनुभव. पुरातत्त्वात यात आणखी एकाची भर पडते, ती म्हणजे बडोद्याजवळील अकोटा. १९५१ मध्ये तेथे जैन धातुमूर्तींचा मोठा निधी सापडला व डॉ. उमाकांत शाह यांनी त्यावर १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. विदर्भातील अकोला जिल्ह्यातही राजनापूर खिनखिनी येथे जैन धातुमूर्ती मिळाल्या असून त्या नागपूरच्या संग्रहालयात आहेत. अलंकारांच्या दृष्टीने अकोट्याची जीवंतस्वामींची मूर्ती विशेष महत्त्वाची होय. तीर्थंकर-प्रतिमेवर अलंकार नसतात हे सर्वजण जाणतात. परंतु जीवंतस्वामी म्हणजे दीक्षेपूर्वी राजवाड्यात असतानाच ध्यानमग्न झालेले वर्धमान. त्यामुळे त्यांच्या अंगावर मुकुट, कुंडले, कंठा, बाजूबंद दिसतात. सहाव्या शतकाच्या सुमाराचा राजपुरुष कोणते दागिने घाली, हे कळण्याचे कांस्यमूर्ती हे एक विश्वसनीय साधन आहे. खरे सोने केव्हाच आटविले गेले. काशातील त्याची प्रतिकृती शिल्लक राहिली.

अशा मूर्ती आणि नाजूक घडणीचे अलंकार मेणाच्या साच्याने ओतीत. वस्तू आधी मेणात घडवावयाची, तिच्यावर बारीक मातीचे लेप द्यावयाचे, भट्टीत तापवून मेण वाहून जाऊ द्यावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या विधीचे वर्णन आहे. मेण आधी तोलून घ्यावे आणि त्याच्या वजनावरून धातू किती लागेल हे ठरवावे, असे तो सांगतो. साचा फोडल्याविना वस्तू बाहेर येत नाही, म्हणून त्या साच्याची दुसरी वस्तू होत नाही.

जैन परंपरेत धातूविषयीचा विचार दोन टोकांचा आढळतो. आचारांग सूत्रात साधूंनी लोखंड, कथील, शिसे, चांदी, सोने इत्यादींची पात्रे घेऊ नयेत असे सांगितले आहे. त्यागासाठी केलेल्या या यादीतूनही त्या काळी कोणकोणते धातू घरोघर वापरात होते हे कळते. दुसऱ्या बाजूस श्रावकांची व्यवहारदृष्टी. तिचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे ठक्कुर फेरू. श्रीमाळ जैन असलेले फेरू दिल्लीच्या खिलजी सुलतानांच्या पदरी होते. टांकसाळीतील प्रत्यक्ष अनुभवावर त्यांनी १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा नाण्यांच्या कसाविषयीचा ग्रंथ रचला. ‘धातूत्पत्ति’ या त्यांच्या छोट्या रचनेत पितळ, तांबे, शिसे, कथील, कासे यांविषयी माहिती आहे. या ग्रंथांची पोथी कलकत्त्यात १९४६ मध्ये अगरचंद नाहटा व भंवरलाल नाहटा यांच्या हाती लागली नसती तर हे ज्ञानही काळाच्या उदरात गडप झाले असते. कोणत्या धातूत काय मिसळले आहे हे ओळखणे आणि ते निःसंकोच लिहून ठेवणे, हे त्या श्रावकाचे मोठेपण.

पुढे जस्त स्वस्त झाले. राजस्थानातील जावर येथे जस्त ऊर्ध्वपातनाने काढण्याची विद्या मध्ययुगात भरभराटीस आली होती. महाग कथिलाची जागा जस्ताने घेतली, पितळेने बाजार काबीज केला आणि कासे घंटा, टाळ, थाळी-वाटी आणि गोरगरिबांचे दागिने यांपुरते उरले. तांबट व कासार यांची घरे नगर, संगमनेरसारख्या गावांतून नांदत होती. महाराष्ट्रातील जैन कासार समाज या व्यवसायाशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित आहे. बांगडी आणि भांडे, दोन्ही कासाराकडेच मिळत. त्यामुळे घरातील स्त्रीवर्गाशी त्याचे नाते अन्य कोणत्याही दुकानदारापेक्षा जवळचे होते.

एकोणिसाव्या शतकातील जिल्हावर्णनांत कुणबी आणि गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या पायात काशाची जोडवी असल्याचे उल्लेख येतात. ऐपत असेल तर चांदी, नसेल तर कासे. विवाहितेच्या पायातील जोडवे धातूच्या किमतीवर अवलंबून नव्हते. येथे एक अप्रिय सत्य लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. सोने-चांदी अडीअडचणीला सावकाराकडे गहाण पडे. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात जो उठाव केला त्यामागे सावकारीचा जाच हेही एक कारण होते. १८४८ मध्ये ठाणे येथे त्यांना फाशी देण्यात आले. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. आपल्या पूर्वजांपैकी अनेकजण त्या काळी याच पेढ्यांवर बसलेले होते, आणि त्यांच्यात दयाळूही होते व कठोरही होते. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्या काळात मुंबईच्या टांकसाळीत रयतेचे चांदीचे दागिने वितळविण्यासाठी मोठ्या प्रमाणावर आले. घरोघरच्या तोड्यांचे, वाळ्यांचे, सरींचे रुपये झाले. काशाच्या जोडव्यांना मात्र टांकसाळीत किंमत नव्हती, आणि म्हणूनच ती पायात राहिली.

काशाचा खरा क्षय स्वातंत्र्योत्तर काळात झाला. स्टेनलेस स्टील आले, ॲल्युमिनियम आले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू होऊन १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली, तेव्हा सोनारांचे हाल झाले आणि पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांना मागणी आली. या धामधुमीत काशाच्या दागिन्यांकडे लक्ष देण्यास कुणाला सवड नव्हती. नवे भांडे घेताना जुने मोडीत द्यावयाचे, घट वजा जाऊन उरलेल्याचा भाव मिळावयाचा, ही रीत सर्वांच्या परिचयाची. थाळ्या-वाट्यांच्या ढिगात आजीची जोडवी, वाळे, घुंगरू हेही तराजूत पडले. वजन लिहिले गेले, भाव लिहिला गेला. वस्तू कोणती, कुणाची, कोठली, हे कुणी लिहिले नाही. या व्यवहारात अप्रामाणिकपणा काहीच नव्हता, म्हणूनच तो कुणाच्या मनाला लागला नाही.

शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू १९७२ च्या कायद्याच्या व्याख्येनुसार पुरावस्तू ठरते, आणि जमिनीत सापडलेल्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून आहे. ज्यांच्या माळ्यावर अद्याप असे काही उरले असेल त्यांनी ते मोडीत देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे, वजन करावे, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारून ते कुणाच्या अंगावर होते एवढे कागदावर लिहून ठेवावे. चिंच, लिंबू अथवा राख लावून ते लखलखीत करण्याचा मोह मात्र टाळावा. आंबट लागले की काशावरील जुना थर विरघळतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसल्यास ती वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवून जाणकारास दाखवावी, कारण तो थर धातूस आतून खातो. घट्ट, गडद हिरवा थर मात्र तसाच राहू द्यावा. नेवाशाच्या त्या बालकाच्या माळेतील मणी कुणी चिंचेने घासले असते, तर आतला धागा पाण्याबरोबर वाहून गेला असता.